पैसा आला की पाझर आटतो का?



कामं आवरली असतील तर निवांत बसून ऐका, नसतील तर भांडी घासता घासता ऐका. आज आम्ही तुम्हाला इतिहासातल्या गोष्टी सांगणार आहोत. पण सुरुवात मात्र आमच्याच अंगणातल्या एका लाजिरवाण्या प्रसंगापासून करावी लागेल, कारण तो घडला नसता तर आम्ही ही पुस्तकं उघडलीच नसती.

आमचा बचत गट तसा जुना. सुरू केला तेव्हा महिन्याला २० रुपये भरतानाही डब्यातले पैसे मोजावे लागायचे. कुणाच्या घरी पीठ संपलंय, कुणाच्या घरी पोर तापलंय, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक असायचं. पुढे गट वाढला, बँकेचं कर्ज मिळालं. कुणी पिठाची गिरणी टाकली, कुणी शेळ्या घेतल्या, दोघींच्या घरांवर स्लॅब पडला. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीचे लागोपाठ तीन हप्ते थकले. बैठकीला ती येईना. सचिवबाईंनी वही उघडून थकबाकी वाचून दाखवली आणि ठराव झाला, की चला, तिच्या दारात जाऊन विचारू.

आम्ही पाचजणी गेलो. अंगणात उभं राहून, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो. ती काही बोलली नाही. आत गेली, तांब्याची कळशी घेऊन आली आणि आमच्या पायांशी ठेवून म्हणाली, "ही ठेवा. बाकीचं सुगी झाल्यावर देते."

कळशी आम्ही घेतली नाही. पण परत येताना कुणी कुणाशी बोललं नाही. नंतर कळलं, की तिची म्हैस दगावली होती आणि सासूचा पाय मोडून ती अंथरुणावर होती. दोन गल्ल्या पलीकडची गोष्ट, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

त्या रात्री आमच्यातली सगळ्यांत वयस्कर मावशी म्हणाली, "बायांनो, आपण सावकार झालो." दुसरी म्हणाली, "पैसा आला की पाझर आटतोच." तिसरी उसळली, "मग गरिबाला तरी कुठे असतो? माझ्या वाईट दिवसांत माझ्याच भावकीने तोंड फिरवलं, आणि त्यांच्याकडेही खायला नव्हतं." वाद मिटेना. तेव्हा आम्ही ठरवलं, की आपल्याच मुलखात आधी काय घडलंय ते वाचू. तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, कॉलेजातल्या एका बाईंनी काही दिली. जे सापडलं ते तुमच्यापुढे मांडतो आहोत.

सावकाराचं नाव निघालं होतं, म्हणून पहिली गोष्ट सुप्याची. पुणे जिल्ह्यातलं सुपे. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. त्या दिवशी आसपासच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांनी मारामारी फारशी केली नाही. त्यांना हवी होती कागदपत्रं. कर्जखतं, गहाणखतं, हुकूमनामे शोधून शोधून त्यांनी जाळले. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुतेक त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही.

हे असं का झालं? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस थांबला, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि त्याच सुमारास सरकारने शेतसाराही वाढवला. कर्जाखाली कुळं चेपली गेली.

पण आम्हाला खरी विचार करायला लावणारी गोष्ट निराळीच होती. सावकार काही नवा नव्हता. पेशवाईतही होता, त्याच्याआधीही होता, आणि तेव्हाही तो कनवाळू होता असं नाही. पण तेव्हा त्याला गाव धरून राहावं लागायचं. कुळ पळून गेलं तर पैसे बुडायचे. तंटा झाला तर पाटील आणि पंचांपुढे बसावं लागायचं, आणि ते पंच उद्या पुन्हा पारावर भेटणार असायचे. इंग्रजी दिवाणी कोर्टं आली आणि हे बदललं. आता कागदावर अंगठा असला की पुरे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताला तीन वर्षांची मुदत घातली. शेतकऱ्याचा फायदा व्हावा म्हणून ती घातली होती, पण झालं उलटं. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घ्यायचं, आणि कुळाने नाही म्हटलं की कोर्टातून हुकूमनामा आणून जमीन आणि भांडीकुंडी जप्त करायची. सावकाराला आता गावाशी गोडीने वागायची गरजच उरली नाही. तो तेवढाच श्रीमंत होता, कदाचित माणूसही तोच होता, पण त्याला जाब विचारणारं गावात कुणी राहिलं नव्हतं.

हा 'जाब' शब्द लक्षात ठेवा मैत्रिणींनो, पुढे लागणार आहे.

सुप्याला वर्ष झालं न झालं, तोच १८७६ साली पावसाने दगा दिला. सोलापूर, सातारा, पुणे, नगर, विजापूरकडचा मुलूख, खाली थेट मद्रासपर्यंत दुष्काळ पसरला. १८७८ पर्यंत तो चालला. सगळ्या देशात मिळून त्यात गेलेल्या माणसांचा अंदाज अभ्यासक ५५ लाखांपासून पुढे सांगतात. याच काळात, १ जानेवारी १८७७ ला, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीला मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं. इकडे माणसं मरत होती आणि बंदरांतून धान्याची निर्यात चालूच होती. बाजारात सरकारने हात घालायचा नाही, असं धोरण होतं.

आता तुम्ही म्हणाल, श्रीमंत आणि वरच्या वर्गातला म्हणून लिटन असा वागला. आम्हीही तेच म्हणणार होतो. पण मग आम्हाला रिचर्ड टेंपल नावाचा साहेब भेटला आणि आमचं सोपं उत्तर अडलं.

१८७३-७४ साली बिहार आणि बंगालात दुष्काळ पडला, तेव्हा कारभार पाहायला याच टेंपलची नेमणूक झाली होती. त्याने ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणवला. कामावर येणाऱ्याला बऱ्यापैकी मजुरी दिली, जो काम करू शकत नाही त्याला फुकट धान्य दिलं. त्या दुष्काळात भुकेने मेलेल्यांची संख्या फारच थोडी राहिली. आणि यासाठी टेंपलला शाबासकी मिळाली का? नाही. एवढा पैसा उधळलाच कसा, लोकांना सरकारच्या जिवावर जगायची सवय लावता काय, अशी झोड त्याच्यावर उठली.

तीन वर्षांनी, जानेवारी १८७७ मध्ये, लिटनने त्यालाच दक्षिणेत पाठवलं. खर्च आवरा, हा हुकूम. टेंपलने दुष्काळी भागाचा दौरा केला, म्हणजे भुकेलेली माणसं त्याने डोळ्यांनी पाहिली होती. तरी त्याने हजारो लोक कामावरून कमी केले आणि राहिलेल्यांसाठी ठरवून दिलं, की गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. बाईला आणि पोराला त्याहून कमी. दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची, आणि तीही घराजवळच्या कामावर नाही, तर लांबच्या मोठ्या कामावर तिथेच राहून. खरी गरज असलेलाच येईल, म्हणून हा नियम.

एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. आकडा ऐकून काही कळेना, म्हणून आमच्यातल्या एकीने ज्वारीचं तेवढं पीठ तराजूवर तोलून भाकरी थापल्या. पाच झाल्या. पाच भाकरी, आणि त्यातच दिवसभराचं अंगमोड काम. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश तेव्हाच सरकारला सांगत होते, की एवढ्यावर कष्ट करणारा माणूस जगत नाही.

बिहारला तांदूळ आणणारा आणि इथे पौंड मोजणारा, माणूस एकच. तीन वर्षांत तो काही फार श्रीमंत झाला नव्हता, त्याचं कुळ बदललं नव्हतं. बदललं होतं एवढंच, की बिहारमध्ये दयेची किंमत त्याला मोजावी लागली होती आणि ती त्याच्या लक्षात राहिली होती. त्याला जाब द्यायचा होता तो वर, कलकत्त्याला आणि लंडनला. सोलापूरच्या खडी फोडणाऱ्या बाईला त्याला काहीच सांगावं लागणार नव्हतं. त्याच वर्षी तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला.

पण त्या बायका आणि गडी गप्प बसले असं समजू नका. मजुरी कापल्यावर मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली. पोटात अन्न नसताना मोर्चा नाही, दंगा नाही, नुसतं कामावरून उठून जायचं. ज्याला जाब विचारायची सोय नव्हती, त्याला त्यांनी असा जाब विचारला.

आता दुसरी बाजू. त्या काळी ज्यांच्याकडे चार पैसे होते अशा सगळ्यांनीच डोळे मिटले का? नाही मिटले. पुण्यात सार्वजनिक सभा होती, १८७० साली निघालेली. तिच्यात सरदार, वकील, जमीनदार, पेन्शनर अशी खाऊनपिऊन सुखी माणसं. सभेचे आधारस्तंभ गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, आणि न्यायमूर्ती रानडे. दुष्काळात या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली. कुठे किती पिकलं, मजुरी किती मिळते, माणसं कशी जगतात, ते लिहून सरकारला पाठवलं, छापलं. कामं सोडणाऱ्या मजुरांची बाजू मांडली.

सभेचा एक नियम आम्हाला फार आवडला. सभासद व्हायचं तर किमान ५० प्रौढ माणसांनी सही केलेलं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे कितीही मोठा सरदार असला तरी, 'मी अमक्या पन्नासांच्या वतीने बोलतो,' असं त्याला म्हणावं लागे. तेव्हा ते पन्नास जण बहुतेक कोण असतील, हा प्रश्न आहेच. सभेत शूद्रातिशूद्रांना जागा नाही, अशी टीका जोतीराव फुल्यांनी केली, आणि ती खोटी नव्हती. पण जाब देण्याची सवय, थोडीशी का होईना, तिथे लागली होती.

जोतीरावांचं नाव आलं, तर त्यांच्याच घरी जाऊ. आपल्या डोळ्यांपुढे जोतीराव-सावित्रीबाई येतात ते फाटक्या संसाराचे. तसं नव्हतं. जोतीराव बांधकामाचे ठेके घ्यायचे, मालाचा पुरवठा करायचे. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या काळच्या मानाने घरात पैसा येत होता. पण १८६८ साली, म्हणजे दुष्काळाच्या कितीतरी आधी, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाण्यापायी काय काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. स्वतःच्या दारात, स्वतःच्या हौदावर रोज माणसं येऊ लागली की त्यांची दुखणीखुपणी आपोआप कानांवर येतात. तोंड फिरवायला जागाच राहत नाही. त्या घराने हा जाब कुणी न मागता स्वतःवर ओढवून घेतला होता.

म्हणून १८७७ च्या दुष्काळात ते घर बसून राहिलं नाही. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी अन्नछत्रं घातली. पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी बालाश्रम काढला आणि त्यासाठी जोतीरावांनी लोकांकडे मदत मागितली. सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ चं त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज वाचायला मिळतं. त्या पत्रात दुष्काळाचं वर्णन आहे, आणि अशाही वेळी लुबाडणाऱ्या सावकारांबद्दलचा संतापही आहे. पुण्यात बसून त्यांना हे लिहिता आलं नसतं.

वीस वर्षांनी पुण्यात प्लेग आला. मुलगा यशवंत डॉक्टर झाला होता. हडपसरच्या बाजूला त्यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला. माणसं आपल्याच घरच्या रोग्याला हात लावायला भीत होती. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला उचलून दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

अजून एक बाई सांगायच्या आहेत, पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. एके काळी घरात सगळं होतं, मग दारिद्र्य आलं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण असे एकापाठोपाठ गेले. रमाबाई आणि भाऊ उरले. रानातलं जे मिळेल ते खाऊन दिवस काढले. पुढे त्या विलायत-अमेरिका पाहून आल्या, त्यांचं नाव झालं, संस्था उभी राहिली, देणग्या आल्या. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा आपली भूक त्या विसरल्या नव्हत्या. स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुलींना, तरण्या विधवांना आपल्याबरोबर घेऊन आल्या. त्या शेकडो जणींसाठी केडगावला मुक्तीसदन वाढलं.

इथे आमच्यातली एक म्हणाली, "बघा, जिने भोगलं तिलाच कळतं." आम्ही मान डोलावणार, एवढ्यात मावशी हसली. म्हणाली, "तसं असतं तर जगात एकही सासू खाष्ट निघाली नसती. सगळ्या आधी सुनाच होत्या." आम्ही गप्प. खरंच आहे. भोगलेलं काहीजणींना मऊ करतं आणि काहीजणींना निबर करतं. 'मी सोसलं, तू सोस,' हे वाक्य गरिबाच्या घरातही ऐकू येतं. आणि जात तर गरिबातल्या गरिबालाही दुसऱ्या गरिबाकडे पाठ फिरवायला शिकवते.  त्यामुळे गरिबी म्हणजे कळवळ्याचा दाखला, असंही नाही.

आजकाल मानसशास्त्राचे अभ्यासकही हाच प्रश्न विचारतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी कोण गाडी थांबवतं, ते पाहिलं होतं. महागड्या गाडीवाले कमी थांबतात, असं त्यांना दिसलं. त्यावरून पुष्कळ चर्चा झाली. पण २०१५ साली जर्मन संशोधकांनी मोठ्या आकडेवारीवरून पाहिलं, तेव्हा चित्र उलटं आलं. वरच्या वर्गातली माणसं देणगी देण्यात आणि स्वयंसेवा करण्यात पुढे दिसली. म्हणजे शास्त्रज्ञांचाही वाद आमच्या बैठकीसारखाच मिटलेला नाही. आम्हाला वाटतं, श्रीमंत माणूस वाईट की चांगला, असा प्रश्न विचारला की तो मिटणारही नाही. पैशाने माणूस दगड होत नाही. पण शेजारणीवाचून अडणार नाही, एवढी सोय पैसा करून देतो. उसनं पीठ मागायला जायला नको, की तिच्या चुलीकडे नजर जायला नको. मग ती हळूहळू वहीतलं एक नाव होते.

आता आपल्या आठवणीतला दुष्काळ, १९७२ चा. मावशी तेव्हा पोरसवदा होती. आईबरोबर खडी फोडायला जायची. ती सांगते, "मुकादम हजेरी मांडायचा, तोंडाकडे बघायचा नाही. पण पगाराच्या दिवशी बायका त्याला घेरायच्या, आणि तेव्हा त्याला बघावंच लागायचं." लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, हे तर आपल्याकडच्या घराघरांत ऐकलेलं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवरच्या माणसांचा आकडा ५० लाखांच्या जवळ गेला होता. त्यात बायका भरपूर होत्या.

माणदेशातला म्हसवडचा, म्हणजे राजेवाडीचा तलाव १८७६ च्या दुष्काळातलं काम. दौंड-मनमाड रेल्वेची मातीही तेव्हाच्याच दुष्काळी माणसांनी टाकलेली. मग १८७७ ची खडी आणि १९७२ ची खडी यांत फरक काय? पहिला फरक, निवडून आलेल्यांना मतं मागायला पुन्हा त्याच गावात यायचं होतं. आणि दुसरा फरक त्याहून मोठा आहे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले वि. स. पागे १९६५ पासून एक गोष्ट धरून बसले होते, की गावात जो काम मागेल त्याला काम मिळालंच पाहिजे. त्यांनी आपल्या भागात ते करून पाहिलं, आणि दुष्काळानंतर त्याचा कायदा झाला. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. बाईला आणि गड्याला एका कामाचा एकच दर. पुढे २००५ साली देशाने असा कायदा केला, तो आपल्याच राज्याच्या अनुभवावरून.

यासाठी पैसा कुठून आला, ते ऐका. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर लावला. शहरात पगार घेणाऱ्यांच्या, धंदा करणाऱ्यांच्या कमाईतून थोडा भाग कापायचा आणि तो रोजगार हमीसाठी वापरायचा. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल, तर आजही तुमच्या लेकाच्या किंवा सुनेच्या पगाराच्या कागदावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील, वर्षाचे २५००. मुंबईतल्या नोकरदाराला माणदेशातल्या बाईचा कळवळा आला की नाही, याची कायद्याने वाट पाहिली नाही. तिला हात पसरावा लागला नाही. तिने अर्ज केला, काम मागितलं. कामं वेळेवर निघाली का, हजेरीपटावर खोटी नावं चढली का, मजुरी किती दिवस थकली, यावर आम्ही तासभर बोलू शकतो. पण जे आपल्या हक्काचं आहे, त्याबद्दल भांडता येतं. दयेबद्दल भांडता येत नाही.

तर मैत्रिणींनो, पैसा आला की पाझर आटतो का? आम्हाला उमगलं ते असं. विहिरीचा पाझर पाण्याअभावी आटतो, तसा तो गाळ साचूनही बंद होतो. पैसा हा गाळासारखा साचतो. तो वरचेवर उपसायचा असेल, तर ज्याच्यावर आपला अधिकार चालतो, त्याला आपल्याकडे जाब मागता आला पाहिजे. सुप्याच्या सावकाराचा जाब कोर्टाने काढून घेतला. टेंपलचा जाब वरच्या वर राहिला. फुल्यांनी आपला हौद उघडून तो दारात आणला. पागेंनी तो कायद्यात लिहवला.

आणि आमचं काय? आमच्या वहीत थकबाकीचा रकाना होता, पण ती का थकली ते लिहायला जागा नव्हती. आता आम्ही नियम केला आहे. हप्ता चुकला की दंडाचा ठराव घेण्याआधी दोघींनी तिच्या घरी जायचं. अंगणात उभं राहायचं नाही, आत बसायचं, चहा घ्यायचा आणि ऐकायचं. त्या दोघींपैकी एक, जिचा स्वतःचा हप्ता कधीतरी थकला होता, तीच असली पाहिजे. आणि ज्या बाईचं कर्ज थकलं, तिलाही बैठकीत आम्हाला प्रश्न विचारायचा हक्क आहे, हे इतिवृत्तात लिहून घेतलं.

हा नियम सोपा नाही. परवाच एकीने बैठकीत आम्हाला असं काही सुनावलं, की दोघीतिघींची तोंडं अजून वाकडी आहेत. बँकेचा हप्ता तर कुणासाठी थांबत नाही. पण नियम मोडलेला नाही.

ती कळशीवाली आमची मैत्रीण दोन महिन्यांनी बैठकीला आली. हप्ते फेडतेय. अजून दाराजवळच बसते, पुढे ये म्हटलं तरी येत नाही. तिचा राग गेलेला नाही आणि तो जावा म्हणून आम्ही घाई करत नाही. ती येते आणि आमच्याकडे बघते. तिच्या नजरेला नजर देणं, हा सध्या आमचा जाब आहे.

तुमच्या गटात, तुमच्या घरात असं कधी घडलंय का? तुम्ही कुणाच्या अंगणात उभ्या राहिलात, की तुमच्या अंगणात कुणी उभं राहिलं? आठवून बघा. घरातल्या म्हाताऱ्या बायांना १९७२ च्या गोष्टी विचारा आणि आम्हाला कळवा. पुढच्या वेळी त्या गोष्टी वाचून दाखवू.

तोवर नमस्कार.